चेअरमनच्या कागदाखाली

दि. ४ जून

चि. ठमीस,
अ. उ. आ.

तुझा बाप सोसायटीचा चेअरमन झाला! बिनविरोध. दुसरं कुणी उभंच राहिलं नाही, असं तुझी आई सांगत सुटलीय. तिकडे लक्ष देऊ नकोस. घरात काही चालत नाही म्हणून आता खाली चालवणार, हेही तिचंच.

आल्या आल्या कामाला लागलोय. माळ्याला कुंड्या हलवायला लावल्या, जिन्यातले दिवे बदलायला सांगितले. पण आमची मॅनेजरबाई! तुझ्याच वयाची, कानावर कायम पेन्सिल. दरवेळी म्हणते, काका, ते माझ्याकडून जाऊ द्या. अगं, चेअरमन कोण?

गुरुवारी तर कहर झाला. सकाळी पंपवाला दिसला. त्याला म्हटलं, गच्चीवरची टाकी धुवायला झालीय, आजच रिकामी कर. त्याने केली. आणि या बाईंनी नेमकी त्याच दिवशी खालची टाकी धुवायला काढलेली, मला न सांगता! साठ घरांत दिवसभर पाण्याचा थेंब नाही. पाचव्या मजल्यावरच्या डॉक्टरीणबाई डोक्याला साबण तसाच घेऊन माझ्या दारात उभ्या. सगळे मॅनेजरवर खापर फोडताहेत. मी मध्ये बोललो नाही. पुढच्या रविवारी सभेत तिला काढायचा ठराव येतोय, शेवटची सही माझी.

तब्येतीला जप आणि बापाला विसरू नकोस.

तुझे,
बाबा

दि. ८ जून

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

चेअरमनसाहेब, अभिनंदन! तुमचं पत्र वाचून पोट धरून हसले. मग शेवटच्या ओळींपाशी आले आणि राग आला. खरंच आला.

बाबा, छापखाना आठवा. तुम्ही फोरमन. मालक तुम्हाला ओलांडून थेट मशीनवाल्याकडे जायचे, हे आधी छाप, ते थांबव. त्या संध्याकाळी तुम्ही घरी येऊन डबा आपटायचात आणि आई म्हणायची, आज मालक खाली उतरले वाटतं. आता तुम्हीच मालक झालात की! पंपवाल्या बिचाऱ्याने दोघांचंही ऐकलं, त्याने दुसरं करायचं तरी काय?

सहा वर्षं मीही मॅनेजरचं हेच काम करतेय. (तुम्ही अजून लोकांना 'लेक ऑफिसात असते' एवढंच सांगता, ठाऊक आहे मला.) आमच्याकडे सरळ हिशेब आहे. काय करायचं आणि किती खर्चात, ते कमिटी ठरवते. कोणाकडून आणि कधी, ते मी. कामगारांना सांगणारं तोंड एकच. काम बिघडलं तर खुशाल माझा कान धरा, पण माझ्या पाठीमागून माझ्या माणसाला कामं सांगू नका.

आणि एक. टाकी धुवायची सूचना लावल्याशिवाय कुठलाच मॅनेजर टाकीला हात लावत नाही. सभेआधी तुमचा नोटीस बोर्ड जरा नीट बघा. कुणाच्या तरी लेकीची नोकरी जातेय, बाबा.

आईला नमस्कार. रागावलात तरी माया पातळ करू नका.

तुमची,
ठमी

दि. १५ जून

चि. ठमीस,
अ. उ. आ.

रागावलो. चांगला एक दिवस. मग चहा झाल्यावर खाली जाऊन बोर्ड बघितला. त्यावर माझंच 'चेअरमनचे मनोगत', टपोऱ्या अक्षरांत, चारी कोपऱ्यांना टाचण्या. ते उचललं तर खाली तिचा कागद, आठ दिवस आधीचा: गुरुवारी खालची टाकी धुणार, तोवर पुरावी म्हणून वरची भरून ठेवली आहे.

भरून ठेवलेली, ठमे! आणि मी ती ओतून दिली. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

सभेत दोन्ही कागद घेऊन उभा राहिलो. म्हटलं, पाणी मी घालवलं, या मुलीने नाही, आणि इतके दिवस गप्प बसलो ही दुसरी चूक. मग डॉक्टरीणबाई म्हणाल्या, पुढच्या वेळी आधी माझं डोकं धुऊन होऊ द्या, मग काय ते करा. झालं, जो तो हसायला लागला. ठराव बारगळला. तू लिहिलेली कामांची वाटणी मी तिथेच वाचून दाखवली, सगळ्यांनी हात वर केले. नोटीस बोर्डाचीही वाटणी झाली. डावी बाजू माझी, उजवी तिची.

माझ्या खिशातली पंपघराची किल्ली तिला दिली. तिने कानावरची पेन्सिल काढून मला रीतसर पोच लिहून दिली. पक्की आहे बाई! मग म्हणाली, काका, जिन्यात दिवे कसले हवेत ते कमिटीत ठरवून सांगा, लावून मी घेते. त्या दिव्यांवरून आता कमिटीत दोन तट पडलेत. मजा येतेय.

तुझ्या पुढच्या पत्राची वाट बघतोय. असंच अधूनमधून कान धरत जा.

तुझे,
बाबा

ता. क. सभेत एकाने विचारलं, ही वाटणी तुम्हाला शिकवली कुणी? सांगितलं, माझ्या लेकीने, ती सोसायटीची मॅनेजर आहे. मागच्या रांगेला ऐकू गेलं नसेल म्हणून पुन्हा मोठ्याने सांगितलं. आई म्हणते, घरी येताना लिफ्टमध्येही सांगितलं, आणि लिफ्टमध्ये आम्ही दोघंच होतो.