राजीनामा दिलाच नाही

अरे, तू गाढ झोपला होतास म्हणून उठवलं नाही. ऑपरेशनला बोलावलंय, निघते. भाजी फ्रीजमध्ये आहे, गरम करून घे.

मोठ्या डॉक्टरांनी मला थांबवलं, असं मी काल म्हणाले ना, ती थाप होती. ते "बोला" म्हणाले आणि मी राजीनामा पर्समध्येच ठेवून परत आले. पन्नाशीत दोघांनी नोकरी सोडायची, गाणं शिकायचं, असं ठरलं होतं. तू शब्द पाळलास. मला मात्र ऑपरेशन थिएटरबाहेर मी कोणीच नाही, अशी धास्ती वाटते. तुला उगाच ताटकळत ठेवलं रे.

आज क्लासला एकटाच जा. "बायको कधी येणार?" असं गाण्याच्या बाईंनी विचारलं, तर या वेळी माझ्या वतीने तारीख देऊ नकोस.