टायफॉइडचं वर्ष

१० जुलै २००६, सोमवार

मग काय करू? तूच सांग! मासिकवाल्यांनी मानधन म्हणून अंकाच्या दोन प्रती पाठवायच्या आणि मी त्या चावून खायच्या? आणि वहीबाई, तू अशी कोरं तोंड करून बघतेस, जसा मी विकलोच गेलो. नाही गेलो. नोकरी धरली, बस. इंजिनिअरिंग कॉलेज, कोथरूडच्या पुढे. शेवटच्या वर्षाच्या पोरांना कंपन्यांच्या मुलाखतींसाठी तयार करायचं.

प्लेसमेंट सांभाळणारे रंगनाथ सर पहिल्याच दिवशी म्हणाले, "अहो साहित्यिक, गेल्या वर्षी आमच्या सगळ्या मुलांनी एकच पाठांतर म्हटलं. चौथ्या मुलाला कंपनीवाला म्हणाला, थांब, पुढचं मी म्हणतो. यंदा प्रत्येकाचं वेगळं हवं. तुम्हाला गोष्टी सुचतात ना? सुचवा."

बेचाळीस पोरं. २९ तारखेला हिंजवडीची एक मोठी कंपनी येणार. प्रत्येकाची एका मिनिटाची इंग्रजी ओळख मी लिहायची, त्यांनी पाठ करायची.

१२ जुलै

'मायसेल्फ'वर बंदी घातली. तरी आज एकतीस वेळा 'मायसेल्फ'. मोजले.

१५ जुलै, शनिवार

मजा येतेय — लिहायला लाज वाटते, पण येतेय! बेचाळीस पात्रं, प्रत्येकाला एक संकट, एक धडा. कादंबरीत दोन वर्षांत दोन पात्रं उभी राहिली नाहीत आणि इथे दिवसाला आठ.

दिग्विजय म्हणून एक आहे, बडबड्या. आज सगळ्यांसमोर म्हणाला, "सर, माझ्या इंट्रोत तुम्ही आजोबांना मारलंय. त्यांच्या जाण्याने मी जबाबदार झालो वगैरे. पण ते आत्ता खाली पार्किंगमध्ये आलेत, मला न्यायला."

वर्ग पाच मिनिटं हसत होता. मी पण. आजोबा तसेच ठेवले. म्हणजे मेलेले.

१८ जुलै

सत्यशीला गवई. वाशीमची. खडकीला मामांच्या क्वार्टरमध्ये राहते, मामा दारूगोळा फॅक्टरीत. तिचा प्रोग्रॅम पहिल्या झटक्यात चालतो असं बाकीचे सांगतात — चिडून. अडचण एकच. बारावीनंतर एक वर्ष रिकामं. कंपन्या आधी तेच विचारतात, गॅप का?

"काय केलंस त्या वर्षी?"

"भोसरीत बिस्किटांच्या कारखान्यात पॅकिंगला होते सर. अकरा महिने. बाबांचं काम सुटलं होतं, फीचं जमेना. जमल्यावर ॲडमिशन घेतली."

बेचाळीस जणांत ही एकच गोष्ट मला सुचली नसती! रंगनाथ सरांकडे धावलो.

"पॅकिंग नको," ते म्हणाले. "पॅनेलला ती कामगार वाटेल. टायफॉइड लिहा."

"टायफॉइड?"

"गॅपला आपण टायफॉइडच देतो. कावीळही चालते, पण टायफॉइड बरा. माणूस ठणठणीत होतो त्यातून."

लिहिला टायफॉइड. वर चांगला लिहिला — अंथरुणात पडल्या पडल्या कॉम्प्युटरची 'सी' भाषा शिकणारी मुलगी! तिने वाचलं. "सर, ही मी नाही."

"इंटरव्ह्यूत कोणीच स्वतः नसतं," मी म्हणालो. काय हुशार वाटलं होतं मला तेव्हा.

ती कागदाची घडी करत म्हणाली, "मामा जानेवारीत रिटायर होतायत. क्वार्टर गेलं की मला वाशीमला परत जावं लागेल. तिथे घरच्यांनी एक मुलगा बघून ठेवलाय. मला नोकरी पाहिजे सर. तुम्ही सांगाल ते म्हणते."

२८ जुलै

आज मुलांना टाय बांधायला शिकवायचं होतं. मला येत नाही. दिग्विजयने शिकवलं. मलाही.

२९ जुलै, शनिवार

अकरा जणांना घेतलं! सत्यशीला आहे. दिग्विजयपण आहे.

तिला गॅपबद्दल विचारलंच. आजच्या दिवसातला तो तिसरा टायफॉइड. पॅनेलवरचे एक जण म्हणाले म्हणे, "कॉलेजचं पाणी तपासून घ्या."

"मग?"

"मग म्हणाले, पडल्या पडल्या सी शिकलीस ना, दाखव. दाखवलं. ते येत होतं सर."

संध्याकाळी तिचे मामा आले. दशरथ नाव, फॅक्टरीचा खाकी शर्ट अंगावरच. माझे दोन्ही हात धरले. "सर, तुमच्यामुळे झालं हे." पेढा दिला. खाल्ला.

३ ऑगस्ट

कंपनीचे फॉर्म आले. गॅपचा पुरावा जोडायचाय, म्हणजे डॉक्टरांचा दाखला. रंगनाथ सरांना त्यात काहीच विशेष वाटलं नाही. "आपले एक डॉक्टर आहेत. जाऊन नाव आणि साल सांगायचं."

सत्यशीला म्हणाली, "दाखला मी नाही आणत सर. तोंडाने बोलले ते बोलले. आता कागदावर नको."

"सही डॉक्टरांची असणार. तुझं काय जातंय?"

हे कोण म्हणालं? मी. चार वर्षं चहाच्या टपरीवर 'मराठीत कोणी खरं लिहीत नाही' म्हणून बोंबलणारा मी.

८ ऑगस्ट, मंगळवार

काल ती एकटी हिंजवडीला जाऊन आली. बिस्किट कारखान्याचं हजेरी कार्ड आणि पीएफची स्लिप घेऊन. एचआरच्या मॅडमना सगळं सांगितलं.

मॅडमनी कार्ड नीट बघितलं, परत दिलं. म्हणाल्या, "ह्यात लपवण्यासारखं काय होतं? मग त्या दिवशी खोटं का बोललीस?"

तिने कार्ड पिशवीत ठेवलं आणि निघून आली.

"माझं नाव का नाही सांगितलंस?" मी विचारलं.

"तुमची पण नोकरीच आहे ना सर."

तिची ऑफर थांबवलीय. उरलेल्या दहाजणांचीही सगळी माहिती आता पुन्हा तपासणार.

१० ऑगस्ट

कॅन्टीनमध्ये तिच्या टेबलावर कोणी बसत नाही. दिग्विजय मोठ्याने म्हणाला, "स्वतः बुडाली ती बुडाली, वर आम्हाला पण घेऊन चालली!" तिने डबा पूर्ण संपवला. मग उठली. मी दोन टेबलं सोडून बसलो होतो. उठलो नाही.

१२ ऑगस्ट, शनिवार

कंपनीने कॉलेजला लेखी विचारलंय — हा टायफॉइड मुलीने स्वतः रचला, की प्लेसमेंट विभागाने? उत्तर सोमवारी पोचायला हवं. स्वतः रचला असेल तर तिची ऑफर रद्द, विषय संपला.

रंगनाथ सरांनी उत्तर टाईप करून ठेवलं होतं. 'सदर मजकूर उमेदवाराने स्वतः तयार केला असून विभागास त्याची कल्पना नव्हती.' खाली दोन सह्यांच्या जागा. त्यांची झालेली, माझी बाकी.

"आता भावनेत येऊ नका," ते म्हणाले. "ह्या कंपनीने आपल्यावर फुली मारली तर दहा मुलं घरी बसतील. पुढच्या वर्षीची वेगळी. एकीसाठी?"

मी पेन टेबलावर ठेवलं. म्हणालो, "सर, तो टायफॉइड मी लिहिलाय. तिने नाही. सही करणार नाही." त्यांचा चेहरा बघण्यासारखा झाला. मी उठलो, दार उघडं टाकलं आणि निघालो. जिना उतरताना अंग इतकं हलकं कधी वाटलं नव्हतं.

१३ ऑगस्ट

रविवार. झोपलो. दुपारी पुन्हा झोपलो.

१४ ऑगस्ट, सोमवार, सकाळ

परवाचं खोटं आहे. पेन ठेवलं नाही. सही केली, खाली तारीखसुद्धा घातली. सरांनी चहा मागवला, तो प्यायलो. बाकीचं सगळं जिना उतरताना सुचलं.

शिपाई अकराला पत्र घेऊन निघेल. हिंजवडीची बस सव्वानऊला आहे. मॅडमना मी आधी भेटायला हवं.

एक शब्द बोलू नकोस. चाललो.