पाणबुडीतला हेर आणि मी

३ मार्च, सकाळ
आजपासून कादंबरी. ठरलं म्हणजे ठरलं. हेरगिरीचा थ्रिलर, आणि सगळं घडणार एका निवृत्त पाणबुडीत. बाकीच्या लेखकांना पाणबुडी कल्पनेनं रंगवावी लागते. मी रोज तिच्या पोटात पगारी नोकरीला आहे. पाणबुडी म्युझियमचा सीनियर गाइड. (ज्युनियर कोणी नाही, पण ते असो.)

घाईचं कारणही तसंच आहे. पाणबुडी दुरुस्त करायची की भंगारात काढायची, हे कमिटी याच महिन्यात ठरवणार. त्यांचा अधिकारी पाहणीला येणार आहे म्हणे. ती भंगारात गेली तर मी कुठला? आयुष्यभर टॉर्पेडोच्या नळीकडे हात केलेल्या माणसाला दुसरीकडे कोण विचारतो? पण कादंबरी आली की गर्दी लोटेल, आणि गर्दी लोटली की पाणबुडी वाचेल. रोज दहा पानं. बस.

३ मार्च, संध्याकाळ
पहिलं वाक्य झालं. 'पाणबुडीत कमालीची शांतता होती.' दमलो.

५ मार्च
'कमालीची' खोडून 'भयाण' केलं. प्रचंड फरक पडला.

दुपारी कॅप्टनच्या बंकवर आडवा झालो. आडवं झाल्याशिवाय मला प्लॉट सुचत नाही. जाग आली तेव्हा एक कुटुंब माझे फोटो काढत होतं. त्यांना वाटलं, मेणाचा पुतळा. त्यातल्या आजीबाई म्हणाल्या, चेहरा अगदी जिवंत केलाय हो, पोट मात्र कारागिराच्या हातून बिघडलंय. मी हललो नाही. हेरकथा लिहिणाऱ्याला संयम हवा.

७ मार्च
हिला पहिलं वाक्य वाचून दाखवलं. ही म्हणजे माझी बायको, पाणबुडीचीच तिकीट खिडकी सांभाळते. ती म्हणाली, अहो, तुम्ही आत असताना शांतता कशी असेल? साहित्याची जाण सगळ्यांनाच असते असं नाही.

१० मार्च
संशयास्पद इसम! करडा कोट, झिजलेले बूट, एकटा. माझं टॉर्पेडोवरचं भाषण ऐन रंगात असताना हा पाइपांच्या मागे टॉर्च मारून बघत होता. पेरिस्कोपला डोळासुद्धा लावला नाही. (पेरिस्कोप जाम आहे, त्यातून फक्त समोरच्या गोदामाची भिंत दिसते. पण नवख्याला हे कसं ठाऊक?) मनात शंकेची पाल चुकचुकली.

११ मार्च
पुन्हा आला. पुन्हा तिकीट काढून. पदरचे पैसे घालून ही पाणबुडी दोनदा बघणारा माणूस मी आजवर पाहिलेला नाही. आज छोट्या हातोडीनं भिंतीवर टकटक करत होता आणि कान लावून ऐकत होता. उघड उघड सांकेतिक भाषा.

हिला सांगितलं. ती म्हणाली, अहो, तो कमिटीचा माणूस असेल. मला हसू आलं. कमिटीचा माणूस गाडीतून येतो, त्याच्या मागे चार जण फायली घेऊन असतात, आणि तो तिकीट काढत नाही. ही थ्रिलर वाचत नाही, तिचा दोष नाही.

१२ मार्च
कादंबरी तूर्त बाजूला. खरा हेर समोर असताना खोटा कशाला रंगवत बसायचं? प्लॅन असा: या पाणबुडीत चोरण्यासारखं काही उरलेलंच नाही, असं शत्रूला वाटलं पाहिजे. त्याच्या डोळ्यांत अशी धूळ फेकायची की पुन्हा इकडे फिरकता कामा नये.

१३ मार्च
ऑपरेशन धूळफेक सुरू. करडा कोट आल्या आल्या मी आपण होऊन गप्पा काढल्या. बोलता बोलता सोडून दिलं की बाहेरचा पत्रा इतका गंजलाय, कोणी जोरात शिंकलं तरी भोक पडेल. त्यानं खिशातून कागद काढून लिहून घेतलं!

१४ मार्च
आज सांगितलं की बॅटरीच्या खोलीतून ॲसिड गळतं. पाणबुडी रोज दोन बोटं खाली जाते आणि आम्ही पंप लावून तिला वर आणतो, हेही सांगितलं. ॲसिडनं माझा मोजा जळाल्याचं ऐनवेळी सुचलं. लेखक असण्याचे हे फायदे. त्यानं विचारलं, तुम्ही इथे बरेच जुने दिसता? म्हटलं, सगळ्यांत जुना मीच, या पाणबुडीची नस न् नस ओळखतो. तो अगदी मनापासून हात मिळवून गेला. बिचारा.

१७ मार्च
करडा कोट फिरकला नाही. मोहीम फत्ते. कादंबरीत 'भयाण' खोडून पुन्हा 'कमालीची' केलं. आधीचंच बरं होतं.

कमिटीच्या अधिकाऱ्याचा अजून पत्ता नाही. मी रोज इस्त्रीचा शर्ट घालून वाट बघतोय.

२१ मार्च, दुपार
मॅनेजरनं केबिनमध्ये बोलावलं. आत करडा कोट चहा पीत बसलेला. मनात म्हटलं, सापडला! मॅनेजरनं ओळख करून दिली: कमिटीचे अधिकारी, जहाजांचे इंजिनिअर. आधी कळवून आलं की लोक रंगरंगोटी करून ठेवतात, म्हणून साहेब न सांगता तिकीट काढून येतात. साहेब माझ्याकडे बघून म्हणाले, आमची ओळख आहे, यांची फार मदत झाली.

पायाखालची जमीन सरकली. मी खुर्चीचा हात समजून मॅनेजरचा हात धरला आणि पुढचं काही न ऐकताच बाहेर पडलो.

२१ मार्च, संध्याकाळ
जेवण गेलं नाही. हिला सगळं सांगितलं. ती हसली नाही, तेव्हाच मी घाबरलो. म्हणाली, अहो, काय करून बसलात हे?

मला ती पाणबुडी आवडते. तिथला डिझेलचा वास आवडतो. ज्या दारांवर रोज डोकं आपटतं ती दारंही आवडतात. लोक बडबडत आत उतरतात आणि माझं ऐकता ऐकता एकेक जण गप्प होतो, ते तर सगळ्यांत जास्त आवडतं. आणि तिला मीच भंगारात धाडलं.

ही म्हणाली, उद्या जा आणि खरं सांगून टाका. लाज वाटली तर वाटू दे.

२२ मार्च
गेलो. साहेब केबिनमध्येच होते. एका दमात बोललो. साहेब, मी तुम्हाला हेर समजलो. मोजा जळलेला नाही. पत्रा ठणठणीत आहे. शिक्षा मला करा, तिला नको. शेवटी आवाज कापरा झाला. मुद्दाम केला नव्हता.

साहेब बराच वेळ खाली मान घालून बसले. खांदे हलत होते. मला वाटलं, रडताहेत. मग डोळे पुसून म्हणाले, अहो, पाणबुडी निवृत्त केली तेव्हाच बॅटऱ्या काढून नेल्या. ॲसिड गळणार कुठून? पत्रा त्यांनी स्वतः ठोकून बघितला होता. दुरुस्तीची शिफारस गेल्या आठवड्यातच गेली होती आणि मंजूरही झाली होती. मी म्हटलं, मग माझं बोलणं लिहून कशाला घेत होतात? म्हणाले, घरी बायकोला वाचून दाखवायला.

पाणबुडी वाचली! शेवटी सत्याचाच विजय होतो. माझ्या कबुलीनं फरक पडला नसेल, पण पडला असता.

शिफारशीत माझा एकही शब्द नाही. माझ्याबद्दल मात्र एक वाक्य आहे. मॅनेजरनं खालच्या आवाजात वाचलं: गाइडच्या माहितीवर विसंबू नये, यापुढे रेकॉर्ड केलेली माहिती ऐकवावी.

२५ मार्च
दुरुस्ती सवडीनं होणार आहे, हेडफोन मात्र लगेच आले. आज आवाजाची चाचणी. मी सकाळपासून गरम पाण्याच्या गुळण्या करून तयार. माझं मनोगत रंगत गेलं आणि बोलण्यात मी शिडी उतरून आत पोचण्याआधीच रेकॉर्डिंगवाल्याची टेप संपली.

मग गंमत म्हणून त्यांनी हिला बोलायला लावलं. माझा आवाज खिडकीपर्यंत पोचतो, त्यामुळे इतक्या वर्षांत तिला सगळं पाठ. माझ्या आठवणी तेवढ्या तिनं गाळल्या. ती थांबली तरी रेकॉर्डिंगवाला मशीन बंद करायचं विसरून बसला होता. मीसुद्धा पुढे काय होणार म्हणून ऐकत राहिलो.

२८ मार्च
अदलाबदल. आवाज हिचा, हेडफोन वाटायलाही शिडीपाशी हीच, आणि तिकीट खिडकीत मी. वाईट वाटून घेतलेलं नाही. उलट बैठं काम, टेबल, दिवा, पंखा. लेखकाला आणखी काय हवं? रोज वीस पानं.

७ एप्रिल
गर्दी. तोंड वर करायला फुरसत नाही. पानं शून्य. लोक बडबडत येतात, हेडफोन लावून आत उतरतात आणि गप्प होऊन बाहेर येतात. एक जण मुद्दाम खिडकीशी येऊन म्हणाला, त्या बाईंचं ऐकून अंगावर काटा आला. म्हटलं, माझ्या घरी रोज येतो.

दुपारी एक गृहस्थ बायकोला घेऊन आले. त्यांनी विचारलं, काय हो, आत बघण्यासारखं काय आहे? कितीतरी दिवसांनी कोणीतरी मला हे विचारलं. मी पेन ठेवलं, खुर्ची मागे सरकवली, घसा साफ केला. मागची लाइन ओरडायला लागली.

म्हटलं, आत कळेल. दोन द्यायची ना?