स्टिअरिंगला टेकलेलं पोट

उस्ताद,

माझं पोट आता स्टिअरिंगला टेकतं. तुमचंही टेकायचं, पण तेव्हा आम्ही डेपोतली पोरं त्याला तब्येत म्हणायचो. ड्रायव्हर असावा तर असा, केबिन भरून टाकणारा, असं आम्हाला वाटायचं. मी नोकरीला लागलो तेव्हा काडीसारखा होतो. तुमच्या हाताखाली शिकायला दिलं त्या दिवशी तुम्ही मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणालात, "अबे, हा तं हवेनं उडून जाईन. याले आधी खाऊ घाला, मंग गाडी देऊ." सगळा डेपो हसला होता. आज मेहकरच्या त्याच डेपोत, विश्रांतीच्या खोलीत बसून हे लिहितो आहे. पुढच्या फेरीला अजून अवकाश आहे, आणि खाटेवरून उठायचं म्हटलं तरी आधी गुडघ्यांची समजूत काढावी लागते.

गाडी तुम्ही शिकवलीत आणि खाणंही तुम्हीच. बुलढाण्याहून राजूरचा घाट उतरून मलकापूरकडे निघालं की फाट्यावरच्या हॉटेलपाशी गाडी थांबायची. गाडीभर गिऱ्हाईक आणून दिलं म्हणून ड्रायव्हर-कंडक्टरला मालकाकडून फुकट प्लेट, ही आपल्या धंद्यातली जुनी रीत. दोन आलूबोंडे, त्यावर तर्री, एक कचोरी, मग चहा. पहिल्या दिवशी मी लाजून नुसता चहा घेतला तर तुम्ही डोळे वटारलेत. "खाय बे. उपाशी ड्रायव्हरचं ध्यान सडकेवर नाई राह्यत, पोटावर राह्यते." ते मला एकदम पटलं. तेव्हापासून जाताना एक प्लेट आणि येताना एक, इतकी वर्षं. घरचा डबा वेगळा. मी कायम झालो तेव्हा तुम्ही मला चार पुडाचा डबा भेट दिला होतात, आणि बायकोनं त्यातला एकही पुड कधी रिकामा पाठवला नाही. तुमच्या घरचं जेवण तर अजून डोळ्यांपुढे आहे. काकू चुलीपुढे भाकरी थापत बसलेल्या असतात, झुणक्यावर तेलाची धार धरतात, मी नको नको म्हणतो आणि त्या म्हणतात, "घ्या भाऊ, माणसाच्या अंगावर मांस पाह्यजे." तुम्ही समोर बसून खूश होऊन माझ्या ताटाकडे पाहता. इतक्या मायेनं मला दुसरं कोणी जेवू घातलेलं नाही.

यंदाच्या तपासणीत मात्र सगळंच अंगाशी आलं. साखर वाढलेली, बीपी वाढलेला, वजनाचं तर बोलायलाच नको. डॉक्टरीणबाई माझ्या मुलीच्या वयाची. तिनं कागद बाजूला ठेवला आणि शांतपणे म्हणाली, "काका, तीन महिने देते. फरक पडला नाही तर तुम्हाला गाडीवर ठेवता येणार नाही." म्हणजे गेटवर खुर्ची टाकून येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांचे नंबर घेत बसायचं. उस्ताद, मला दुसरं काही येत नाही हो. माझा जीव घाबरा झाला. शिकाऊ असतानाही एवढा कधी झाला नव्हता.

मग मी घाई केली. तीन महिन्यांत वीस किलो उतरवायचे असं ठरवून टाकलं. मोबाइलवर एक पोरगा रोज छाती दाखवत सांगायचा की सहज होतं. रात्रीचं जेवण बंद, सकाळी लिंबूपाणी, आणि शाळेच्या मैदानावर धावणं. पहिल्या आठवड्यात काटा भराभर खाली आला. मी अख्ख्या डेपोला सांगत फिरलो. दुसऱ्या आठवड्यात गुडघा सुजला आणि काटा हलायचं नाव घेईना, तर मी दुपारचा डबाही तसाच परत न्यायला लागलो. बायको वैतागली. "काऊन जिवावर उठले स्वतःच्या? वाढाले जलम गेला आन् तुमाले दिवाळीच्या आंधी उतरवाचं हाय!" मी तिच्यावरच खेकसलो. भुकेल्या माणसाचा स्वभावही बिघडतो, हे मला नवीनच कळलं.

आणि मग घाट. गाडी गच्च भरलेली, मी घाट उतरत होतो, अर्धा झाला असेल, आणि एकाएकी अंगाला दरदरून घाम सुटला. समोरची सडक हलायला लागली. गाडी दुसऱ्या गिअरमध्ये होती, नशीब. कशीतरी डोंगराच्या बाजूला घेतली आणि हँडब्रेक ओढला. कंडक्टर पोरगी धावत पुढे आली. "काका, काय होऊन राह्यलं तुमाले?" तिनं तिच्या डब्यातली अर्धी पोळी आणि गुळाचा खडा माझ्या हातात कोंबला. मागून एक जण ओरडत होता, "अहो भाऊ, मलकापूरची रेल्वे चुकते ना आमची!" बायका होत्या, कडेवरची लेकरं होती. ड्रायव्हर बारीक व्हायला निघाला आहे म्हणून गाडी थांबली, हे त्यांना कोणत्या तोंडानं सांगू?

ह्याच घाटात तुम्ही मला एकदा गाडी थांबवायला लावून सणसणीत झापलं होतं. उतार लागला म्हणून मी गाडी न्यूट्रल केली होती. "ज्या गिअरात चढते ना बे, त्याच गिअरात उतराव लागते. घाई असंन तं खाली उतर आन् पैदल पळ." पोळी चावताना ते आठवलं. आठवून मला शहाणपण सुचलं वगैरे काही नाही. लाज वाटत होती आणि आणखी अर्धी पोळी हवी होती.

डॉक्टरीणबाईनं ऐकून घेतलं आणि कपाळावर हात मारला. धावायचं बंद, चालायचं. दोन वेळा जेवायचं, हॉटेलची प्लेट तेवढी सोडायची. महिन्याला दीड-दोन किलो उतरले तरी खूप, आणि एखाद्या महिन्यात काहीच उतरणार नाही, तेव्हा रुसून बसायचं नाही. मी विचारलं, "पहिल्यासारखी तब्येत कधी होईल?" ती म्हणाली, "पहिल्यासारखी नाही होणार, काका. आत्तापेक्षा बरी होईल." एवढ्यावर समाधान मानायला मला बरेच दिवस लागले. अजूनही पुरतं मानलेलं नाही. रोज सकाळी मैदानाला फेऱ्या मारतो, साडीवर बूट घातलेल्या बाया मला मागे टाकून पुढे जातात, आणि घरी आलो की पाय तेवढेच जड असतात. कंटाळा येतो उस्ताद, फार कंटाळा येतो.

फाट्यावरचा हॉटेलवाला तर रागावला. "आमच्या प्लेटीत जहर हाय का भाऊ? तुमचे उस्ताद असते तं अजून एक मांगवली असती." मी बिनसाखरेचा चहा घेऊन उभा राहिलो आणि पहिल्यांदा मला तुमचा राग आला. रिटायर होऊन वर्ष झालं नव्हतं तर तुम्ही गेलात. तुम्हाला नेताना आम्हाला कितीदा खांदे बदलावे लागले. तिथेही कोणीतरी कौतुकानं म्हणालं, काय तब्येत होती माणसाची. शेवटी शेवटी तुमचे पाय सुजायचे, दोन पायऱ्या चढलात की दम लागायचा, आणि आम्ही सगळे तुमच्यापुढे प्लेट सरकवत राहिलो. तुमची आठवण येते आणि रागही येतो, दोन्ही एकदमच.

तीन महिन्यांनी काटा पाच किलोंनी खाली होता. साखर बऱ्यापैकी उतरली. डॉक्टरीणबाईनं गाडीवर राहू दिलं, पण घाट नाही म्हणून लिहिलं. आता मेहकर ते हिवरा आश्रम, सपाट सडक, तासाभरात जाऊन परत. तीच फेरी, जिला तुम्ही आणि मी म्हाताऱ्यांची फेरी म्हणून हसायचो. डेपोतली पोरं येऊन पाठीवर हात ठेवून जातात. बायको म्हणते, होईल काही दिवसांनी पुन्हा घाट, मन छोटं नका करू. मीही सगळ्यांसमोर तोंड पाडून फिरतो.

पण घाट नाही म्हणून तिनं सांगितलं तेव्हा मला हायसं वाटलं. अर्ध्या घाटात गाडी थांबवली त्या दिवसापासून मला घाटाची भीती वाटते, आणि पुढच्या तपासणीत तिनं घाट परत दिलाच तर काय करायचं, ह्याच काळजीत मी आहे. तुम्ही असता तर हे तुमच्यासमोर माझ्या तोंडून निघालं नसतं.