ऑफ म्हणजे बंद

४ मार्च, सोमवार. सकाळी ७.४०
पहाटे पाचला उठून इंग्रजीच्या अभ्यासाला बसायचं होतं. गजर वाजलाच नाही. ही म्हणते, तीन वेळा वाजला, तिसऱ्यांदा तिनेच उठून बंद केला. हिला न वाजलेले गजरही ऐकू येतात.

कारण लिहून ठेवतो. आमच्या कारखान्यात धुराचे अलार्म बनतात. छताला लावायची पांढरी डबी, धूर लागला की किंचाळते. मोठ्या गिऱ्हाइकांशी इंग्रजी पत्रव्यवहार करणारे हेडक्लार्क महिनाअखेर रिटायर होणार. त्यांचं खिडकीजवळचं टेबल, फिरती खुर्ची, स्वतंत्र पंखा. बावीस वर्षं मी त्या पंख्याचा वारा जिथे संपतो तिथे बसून पाकिटांवर पत्ते लिहितोय. आता ते टेबल माझं. स्पर्धेत फक्त रिसेप्शनवरची मुलगी. इंग्रजी फाडफाड बोलते, पण नियम विचारला तर एक सांगता येत नाही.

५ मार्च, मंगळवार. सकाळी ८
पाचचं उद्यापासून.
इंग्रजीची मेख कळली. क्रियापदं सोपी आहेत. गेट, पुट, गो, टेक. शाळेतच पाठ झाली. घोळ घालतात ते त्यांच्या मागे चिकटलेले चिल्लर शब्द. मी त्यांना शेपट्या असं नाव दिलं आहे. पुट म्हणजे ठेवणे. पुट ऑफ म्हणजे पुढे ढकलणे, पुट आउट म्हणजे विझवणे, पुट अप विथ म्हणजे सहन करणे. एवढी तीन पाठ केली. पुस्तकात बाराशे आहेत. बाराशे पाठ करणं हे गाढवकाम. माणसाने नियम शोधावा.

६ मार्च, बुधवार
नियम सापडला. अंघोळ करताना. अप म्हणजे वर. डाऊन म्हणजे खाली. आउट म्हणजे बाहेर. ऑन म्हणजे चालू. ऑफ म्हणजे बंद. लाइट ऑफ, पंखा ऑफ, साहेबांचा मूड ऑफ. पाच ओळींत इंग्रजी संपलं. लोकांनी यावर एवढी जाडजूड पुस्तकं का लिहिली असावीत? पोटासाठी, दुसरं काय.

८ मार्च, शुक्रवार. जेवणानंतर
मुलीला नियम समजावला. ती नववीत आहे आणि तिला शंका फार. म्हणाली, बाबा, मग गिव्ह अप म्हणजे वर देणे का? म्हटलं, हात वर देणे, म्हणजे शरण जाणे. बसलं की नाही? मग म्हणे, द मिल्क वेंट ऑफ म्हणजे दूध नासलं. म्हटलं, बरोबर, दुधाचं काम बंद पडलं. मग म्हणे, विमान टेक ऑफ करतं तेव्हा बंद पडतं का? म्हटलं, जेवताना बोलू नये.

ही भांडी आवरत होती. इंग्रजीशी संबंध नसताना मध्ये बोलली. म्हणे, आपल्यातही तसंच आहे की. बोलून टाकलं म्हणजे मन मोकळं झालं आणि बोलून बसलो म्हणजे पंचाईत झाली. टाकणं काय आणि बसणं काय, त्याला कुठला नियम लावणार? मराठीत असलं काही नसतं. असतं तर माझ्या लक्षात आलं नसतं का?

११ मार्च, सोमवार. पहाटे ५.१०
उठलो! म्हणजे उठून बसलो.

त्याच दिवशी, सकाळी ८.०५
बसल्या बसल्या डोळा लागला.

१४ मार्च, गुरुवार
नियमाचा कचेरीत पहिला प्रयोग. साहेब माझ्या टेबलाजवळून जाताना म्हणाले, कॅरी ऑन. कॅरी म्हणजे उचलून नेणे, ऑन म्हणजे चालू. चालू असलेली वस्तू न्यायची. सगळ्या खोलीत चालू असा हेडक्लार्कांचा पंखाच होता. वायर लांब असल्यामुळे चालूच साहेबांच्या केबिनमध्ये नेऊन ठेवला. साहेबांचे कागद थोडे उडाले. ते माझ्याकडे बराच वेळ पाहत राहिले. चांगलीच छाप पडलेली दिसते.

१९ मार्च, मंगळवार
संधी चालून आली. हेडक्लार्क दाढ काढायला तीन दिवस रजेवर. जाताना सांगून गेले की इंग्रजी पत्र आलं तर आधी रिसेप्शनवरच्या मुलीला दाखवा. दाखवतो!

दुपारी एका बड्या हॉटेलच्या मॅनेजरचं पत्र आलं. गेल्या वर्षी आपले दोनशे अलार्म नेलेलं गिऱ्हाईक. पत्रातली ओळ अशी: स्वयंपाकघरात धूर झाला आणि युवर अलार्म्स वेंट ऑफ ॲट वन्स. म्हणजे ऐन धुरात आपले अलार्म ताबडतोब बंद पडले. पुढे लिहिलंय, एव्हरीबडी गॉट आउट. लोक बिचारे आपले आपण बाहेर पडले. शेवटी लिहितो, नव्या इमारतीत वी वॉन्ट टु पुट अप थ्री हंड्रेड मोअर. पुट अप, सहन करणे. अजून तीनशे सहन करायचे आहेत, म्हणतो. केवढा हा टोमणा. खाली थँक यू. तोही टोमणाच.

त्या मुलीने विचारलं, काही मदत हवी का? म्हटलं, नको. कंपनीची अब्रू अशी रिसेप्शनवर मांडायची नसते.

२० मार्च, बुधवार. संध्याकाळ
चार कच्चे मसुदे, एक पक्का. अप्रतिम पत्र. आधी माफी मागितली. आमचे अलार्म ऑफ गेले, हा आमचा गुन्हा, असं मोकळेपणाने कबूल केलं. मग वचन दिलं, अवर अलार्म्स विल नेव्हर गो ऑफ अगेन. नेव्हरखाली दोन रेघा मारल्या. स्वतः पोस्टात टाकलं. येताना हिच्यासाठी गजरा घेतला. ती म्हणाली, आज काय विशेष? म्हटलं, टेबलाचं नक्की झालं.

२२ मार्च, शुक्रवार
हेडक्लार्क रुजू झाले. गाल सुजलेला. हॉटेलचं प्रकरण मिटवलं म्हणून सांगितलं. त्यांनी कोणतं प्रकरण म्हणून विचारलं. दाढेचा त्रास असणाऱ्या माणसाला तपशील कशाला सांगायचे?

२५ मार्च, सोमवार
साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. हेडक्लार्क होते, रिसेप्शनवरची मुलगीही होती. वाटलं, नेमणुकीचं सगळ्यांसमोर सांगणार. मी शर्टाचं वरचं बटण लावून गेलो.

हॉटेलने आपले दोनशे अलार्म काढून ठेवलेत. नवे तीनशे दुसऱ्या कंपनीकडून घेणार. हॉटेलने परत पाठवलेलं माझं पत्र साहेबांनी हातात धरलं होतं. म्हणाले, "तो माणूस आभार मानत होता. धूर झाल्याबरोबर आपले अलार्म वाजले, म्हणून सगळे वाचले. नव्या इमारतीत आणखी तीनशे बसवायचे म्हणत होता. आणि तुम्ही त्याला वचन देताय की आमचे अलार्म इथून पुढे कधीच वाजणार नाहीत. वर दोन रेघा."

मी नियम सांगायला सुरुवात केली. ऑफ म्हणजे, असं म्हणेपर्यंत साहेबांचा आवाज चढला. ती मुलगी मध्ये पडली, म्हणाली, सर, घाईत कोणाचंही होतं. माझं घाईत झालं नव्हतं. चार मसुदे केले होते. तिने माझी बाजू घेतली याचं जास्त वाईट वाटलं.
साहेब म्हणाले, गेट आउट. आउट म्हणजे बाहेर. नियम तिथे तरी लागू पडला.

त्याच दिवशी, रात्री ९
घरी लेकीने शब्दकोश आणून समोर उघडला. गो ऑफ. वाजणे, फुटणे, नासणे, बंद पडणे, निघून जाणे. एकाच शेपटीला पाच अर्थ. ती हसली नाही. हसली असती तर बरं झालं असतं.

हिला सगळं सांगितलं. म्हटलं, मी नुसतं एक पत्र पाठवलं गं.
ती म्हणाली, "पाठवलं नाहीत. पाठवून बसलात."

१ एप्रिल, सोमवार. संध्याकाळी ७
आज नवी व्यवस्था लागू. खिडकीजवळच्या टेबलावर ती मुलगी. मी टेस्टिंगच्या खोलीत. खिडकी नाही, पंखा नाही. पंख्याने धूर उडतो. काम सोपं आहे, इंग्रजी लागत नाही. अगरबत्ती पेटवायची, अलार्मखाली धरायची, किंचाळला की पेटीत ठेवायचा, पुढचा घ्यायचा. दुपारी ती मुलगी आली आणि कापसाचे दोन बोळे देऊन गेली. थँक यू म्हटलं. तो टोमणा नव्हता.

घरी आल्यावर हिने विचारलं, पाचचा गजर लावू का? नको म्हटलं. दिवसभरात चारशे अलार्म ऑफ गेले. एकही बंद नव्हता.