होलरच्या बाटलीवर माझं नाव

स्टायरिया, ऑस्ट्रिया,
रविवार, ५ ऑक्टोबर १९८०

सौ. क्रेसेंझ हिस अनेक आशीर्वाद, वि. वि.

आज सकाळी दहा वाजून वीस मिनिटांनी, सुगीच्या मिस्सानंतर, चर्चच्या पायरीवर उभी राहून तू गावातल्या सगळ्या बायकांना सांगितलंस, की काल तीन मुलांना उलट्या झाल्या त्या वाल्बुर्गाच्या होलरच्या, त्या काळ्या रानफळांच्या, रसानं. मी चार पावलांवर होते. प्लास्टर गुडघ्याला आहे, कानांना नाही.

रस तू केलास. मला झाडाखाली उभं राहता येईना म्हणून यंदा तुला कृती लिहून दिली आणि बाटल्यांवर माझं नाव राहू दिलं, एवढाच माझा गुन्हा. चाळीस वर्षं या गावाचा खोकला माझ्या होलरनं सांभाळलाय. आता चर्चच्या स्वयंपाकघराची मुख्य हेर्मिना म्हणते, सेंट मार्टिनच्या कंदिलांच्या दिवशी मुलांना गरम रसाऐवजी चहाच देऊ!

काय झालं ते मला बसल्या जागी कळतंय. उकळायचा कंटाळा केलास. उकळलं की जीवनसत्त्वं मरतात, असं तुझ्या त्या मासिकात येतं ना? कच्चा होलर पोटात टिकत नाही, हे मठातल्या सिस्टर आम्हाला पाढ्यांच्या आधी शिकवायच्या. की देठं आणि हिरवी फळं तशीच ढकललीस पातेल्यात?

माझ्या भावाची, आलोइसची, छाती जप. लोभ आहेच, तो वाढवायचा की नाही, हे तुझ्या उत्तरावर.

वाल्बुर्गा


बुधवार, ८ ऑक्टोबर

ती. वन्सं यांस सा. न. वि. वि.

उलट टपाली लिहितेय, नाहीतर तुम्ही निवृत्त पोस्टमास्तरीणबाई दंड लावाल, असं हे म्हणाले.

वन्सं, मला राग आलाय. ते मासिक बंद करून दोन वर्षं झाली. तुमचा कागद चुलीशेजारी खिळ्याला अडकवून सगळं केलं. काट्याच्या चमच्यानं फळं सोडवली, हिरवी आणि लालसर वेचून टाकली, देठ एक ठेवला नाही, घड्याळ लावून वीस मिनिटं खळखळून उकळलं. इतकं करूनही मुलं ओकली, तर खोट कृतीतच असणार असं वाटलं, ते बोलले. पायरीवर बोलायला नको होतं, हे कबूल.

विहिरीजवळच्या झाडावर मात्र पक्ष्यांनी काही ठेवलं नव्हतं. मग दगडखाणीच्या उतारावर गेले. तिथे नुसती चंगळ! कमरेएवढी झुडपं, काळेभोर घोस आभाळाकडे तोंड करून उभे. शिडी लागली नाही की आकडी. वास जरा उग्र, पण औषध म्हटलं की वास आलाच. तुमचा गुडघा बरा झाला की तुम्हालाही तिथेच नेईन.

ह्यांचा खोकला उतरलाय. त्यांना तुमची गेल्या वर्षीची बाटली चालू आहे. रागावलात तरी माया पातळ करू नका.

क्रेसेंझ


शुक्रवार, १० ऑक्टोबर

सौ. क्रेसेंझ हिस अनेक आशीर्वाद, वि. वि.

पत्र हाती पडताच यंदाच्या सगळ्या बाटल्या ओतून टाक. एक थेंब कुणाच्या पोटात जाता कामा नये, पुन्हा उकळूनसुद्धा नाही.

खाणीवरचा तो होलर नव्हे, विषारी आटिख. होलरला लाकडी खोड असतं आणि पिकला घोस भारानं खाली लोंबतो. आटिख हिरव्या दांड्याचा, दरवर्षी जमिनीतून नव्यानं उगवतो, फळ वर बघतं आणि पान चुरगळलं की घाण मारतं. इथलं शेंबडं पोरही त्याच्या वाटेला जात नाही. म्हणून तर तिथे चंगळ होती, बाई! व्हिएन्नात ट्रामच्या तारांखाली वाढलेल्या मुलीला हे सांगायचं कुणी? मी. फळं कशी सोडवायची ते मी ओळीनं लिहिलं, झाड कसं ओळखायचं ते लिहिलंच नाही. आम्हाला ते कधी कुणी लिहून द्यावं लागलं नव्हतं.

उकळायचा कंटाळा केलास, असं मी लिहिलं, ते मागे घेते. काम तू चोख केलंस, फक्त चुकीच्या झाडावर.

मुलं खेळायला लागली, असं हेर्मिनानं कळवलं. तिला मी आटिखचं काही बोललेले नाही, बोलणारही नाही. ते तू सांगायचं, आणि पायरीवर होता तेवढ्याच आवाजात.

गुरुवारी, १६ तारखेला, संध्याकाळी पाच वाजता बायकांची बैठक आहे. मुलांना काय द्यायचं ते तिथे ठरेल. माझ्या तळघरात गेल्या वर्षीच्या अकरा बाटल्या आहेत. त्यातली एक सर्वांदेखत उघडून पहिला पेला तू प्यायचास, दुसरा मी. येतेस की नाही, हे तुझ्या अक्षरात, सहीनिशी, गुरुवारी दुपारी बाराच्या आत माझ्या हाती हवं. आलोइसबरोबर तोंडी निरोप धाडलास, तर त्याला दारातूनच परत पाठवीन.

वाल्बुर्गा