सरळ उभं राहायची शिकवणी

६ जानेवारी २००३, सोमवार

उभं कसं राहायचं ते आता पन्नाशी उलटल्यावर शिकायचं! ते पण एव्हरशाईन सिटीतल्या बाईंकडे रिक्षाने जाऊन! भूपेशने परस्पर शिकवणी लावली. म्हणे, "आई, डोक्यावरच्या भाजीच्या पाटीने तुझी मान गेली. नीट होईपर्यंत बाजार बंद." तो बोलला की सूनबाई हेमांगी मान हलवते. तिची बरी हलते.

सकाळी ह्यांना पलंगावरून उचललं, खुर्चीत बसवलं, पुसलं, चहा पाजला. अर्धं अंग गेलं त्याला दोन वर्षं झाली. भूपेश तिथेच पेपर वाचत होता. मग मी शिकवणीला गेले.

शिकवणाऱ्या सरोजिनीबाई बोलायला चांगल्या. पण अर्धा तास नुसतं खुर्चीत बसा, उठा, परत बसा! दुसरीत मास्तरांनीसुद्धा इतक्या उठाबशा दिल्या नव्हत्या. आणि तेवढ्यावर मी शाळा सोडली होती.

९ जानेवारी, गुरुवार

आज जमिनीवर निजवलं. डोक्याखाली दोन जाड पुस्तकं. "काही करू नका. मान सैल सोडा." काही करायचं नाही — हेच जमेना. मग डोळा लागला. घोरले असेन, बाई बोलल्या नाहीत.

बाजारात शेजारी बसते ती धोंडूबाई दारात येऊन गेली. "सरल उबं राह्याला शिकवनी? बाय गो! वीस तारखेच्या सोमवारपर्यंत तुजी जागा धरते. पुढं नाय."

तेवीस वर्षं बसतेय मी त्या जागेवर.

१३ जानेवारी, सोमवार

बाईंनी पाटी आणायला सांगितली होती. चुंबळ, पाटी, दहा दुधी. रिक्षावाला हसला. चुंबळीवर पाटी घेऊन बाईंच्या हॉलमध्ये चालले, बाल्कनीपासून ओट्यापर्यंत. बाई बघतच राहिल्या.

"पाटीखाली तुमची मान एकदम सरळ आहे. पाटी उतरली की उजवीकडे वाकता. घरी काय उचलता?"

"कळशी," म्हटलं. घरचं बाहेर कशाला?

१४ जानेवारी. संक्रांत

तिळगूळ कुटून ह्यांना भरवला. मान दुखतेच आहे.

१६ जानेवारी, गुरुवार

कोपऱ्यात गादीची वळकटी. "कळशी समजून उचला." वाकले. डावा हात खाली घातला, उजवा खांदा पुढे, मान तिरकी. उचलली. ठेवताना एका टोकाखाली तळहात धरला, आपटू नये म्हणून — तेव्हा माझं मलाच कळलं.

बाई हळू म्हणाल्या, "ही कळशी नाही. हे माणूस आहे."

मग सगळं सांगितलं. रडले नाही. म्हणाल्या, "दोघांनी उचला. एकटीने उचलत राहिलात तर मी वर्षभर शिकवून उपयोग नाही."

१७ जानेवारी, शुक्रवार

सकाळी ह्यांना उचललंच नाही. पलंगाशी उभी राहिले, सरळ. भूपेशच्या हातातला पेपर काढून घेतला.

"आई, मला आठला सातिवलीला कामावर पोचायचं असतं!"

"आणि मला सातला बाजारात. पाटीने माझं काही केलेलं नाही. एका बाजूने मी, दुसऱ्या बाजूने तू, रोज. आज तर धरच. पुढचं रविवारी संध्याकाळपर्यंत सांग — बापाला उचलणार का नाही?"